बायपासनंतर अण्णांचं डोकं पहिल्यासारखं चालत नाही, तेव्हा

पलूस तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील, अण्णा, वय ६९, मधुमेह आणि बीपी जुनं, घरची द्राक्षबाग. सहा आठवड्यांपूर्वी बायपास झाली. हृदयाच्या बाजूने सगळं उत्तम. पण आयसीयूत तिसऱ्या रात्री ‘पाणी चढलंय, जनावरं सोडा’ असं ओरडत नळ्या उपटू लागले, नर्सला चोर म्हणाले. चारेक दिवसांत ते शमलं. घरी आल्यावर मात्र एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात, मजुरांचा हिशेब जुळत नाही, पेपर उघडून नुसतेच बसून राहतात. ताईंना कळायला हवंय की हे ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीनवर ठेवल्यामुळे झालं का, भूल जास्त झाली का, आणि अण्णा पुन्हा पहिल्यासारखे होतील का. शिवाय आईच्या हृदयाच्या झडपेचं, म्हणजे व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरतंय. तिच्या बाबतीत काय जपायचं? जाता जाता एक वाक्य त्यांनी लिहिलंय : ‘तसे दिवाळीपासूनच ते थोडं विसरायचे, पण आम्ही म्हटलं वय झालं.’ त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे.

मी सांगली-मिरजेत हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देतो आणि ऑपरेशननंतरचे पहिले दिवस आयसीयूत पेशंट बघतो. हा प्रश्न नातेवाईक मला सहसा लिफ्टजवळ, आवाज खाली करून विचारतात. डोक्याचं काही झालं म्हटलं की लोक काय म्हणतील याची धास्ती असते. कुणीतरी ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून अंगाराही आणून देतो. तेव्हा आधी हे सांगतो की अण्णांना वेड लागलेलं नाही. आयसीयूत झालं त्याला आम्ही डिलिरिअम, म्हणजे भ्रम, म्हणतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर साठीच्या पुढच्या पेशंटमध्ये तो इतका नेहमीचा आहे की वॉर्डात एखादा तरी असतोच. आमच्या भागातल्या लोकांच्या भ्रमात २०१९ च्या महापुरापासून पाणी फार येतं, एवढंच काय ते वेगळेपण.

पुन्हा पहिल्यासारखे होतील का, याचं उत्तर सगळ्यात आधी द्यायला हवं. बहुतेक जण सावरतात, पण सहा आठवड्यांत नाही. अमेरिकेत साठीच्या वरच्या २२५ हृदयशस्त्रक्रिया पेशंटचा वर्षभर पाठपुरावा झाला होता; तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४६ टक्के लोकांना डिलिरिअम झाला होता. सहा महिन्यांनी, भ्रम झालेल्यांपैकी ४० टक्के लोक स्मरणशक्तीच्या चाचणीत आपल्या मूळ पातळीला पोचलेले नव्हते. भ्रम न झालेल्यांत हेच प्रमाण २४ टक्के होतं. वर्षाअखेरीस आकडे ३१ आणि २० वर आले. म्हणजे भ्रम झालेल्यांचा रस्ता लांबतो, पण बरेच जण पोचतात. अण्णांबद्दल आज निकाल देणं घाईचं आहे. तीन महिन्यांनी नीट तपासणी करा, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने.

आता मशीन. ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं हे हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात केलं. तेव्हापासून मेंदूचा दोष या यंत्राच्या माथी मारला गेला, आणि त्याला कारणंही होती. महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, नळी जोडताना, तिच्यावर चिमटा लावताना भिंतीवरचा चुना-चरबीचा थर सुटतो. रक्तात बारीक बुडबुडे आणि कण जातात. सगळ्या शरीरात दाह उसळतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ बायपास पेशंटचे आकडे मांडले : घरी सोडताना ५३ टक्के लोकांची आकलनशक्ती घसरलेली, सहा आठवड्यांनी ३६, सहा महिन्यांनी २४, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. या शेवटच्या आकड्याने लोक हादरले. पण त्या अभ्यासात ऑपरेशन न झालेल्या हृदयरोग्यांशी तुलना नव्हती. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ती केली. बायपास झालेले आणि बायपास न झालेले हृदयरोगी सहा वर्षं पाहिले, तर दोघांची घसरण जवळपास सारखीच निघाली. हृदय निरोगी असलेले लोक मात्र दोघांच्याही पुढे होते. पुढच्या वर्षांतली घसरण मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आजाराची असते. ज्या आजाराने हृदयाच्या नळ्या अरुंद केल्या, तोच मेंदूच्या बारीक नळ्यांतही बसलेला असतो.

मग धडधडत्या हृदयावर, मशीनशिवाय बायपास केली असती तर? १९ देशांतल्या, त्यात भारतही होता, ४,७५२ पेशंटवर ही तुलना झाली. वर्षाअखेरीस आकलनशक्तीत दोन्ही पद्धतींत फरक दिसला नाही. मशीनशिवायचं ऑपरेशन काही पेशंटसाठी योग्यच असतं, विशेषतः महारोहिणी चुन्याने भरलेली असेल आणि तिला हात न लावलेलाच बरा असेल तेव्हा. तो निर्णय सर्जनचा. पण ‘मेंदू वाचवणारी बायपास’ अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिच्यावर विसंबून तालुका बदलू नका.

भूल जास्त झाली का? मी भूलतज्ज्ञ, म्हणजे आपल्याच बाजूने बोलणार असं वाटेल, म्हणून आकडाच सांगतो. कॅनडात साठीवरच्या अकराशेहून अधिक हृदयशस्त्रक्रिया पेशंटमध्ये, मेंदूच्या लहरी बघत भूल हलकी ठेवली तर भ्रम कमी होतो का, ते तपासलं. २०२४ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत साधारण १८ टक्के. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या स्टिरॉइडनेही मोठ्या चाचण्यांत भ्रम कमी झाला नाही, आणि डेक्समेडेटोमिडिन या झोपेच्या इंजेक्शनकडून आम्हाला बरीच आशा होती, तीही २०२० च्या एका मोठ्या चाचणीत फळली नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये जपायच्या गोष्टी आहेतच. रक्तदाब फार पडू न देणं, थंड केलेलं शरीर सावकाश गरम करणं आणि मशीनमधून परत जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ न देणं, कपाळावर पट्ट्या चिकटवून मेंदूतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणं. मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट हे काम मुकाट्याने करत असतात. पण एक जादूची लस टोचली आणि भ्रम टळला, असं आजवर काही हाती लागलेलं नाही.

मग एकाच टेबलावर, त्याच हातांनी ऑपरेशन झालेल्या दोघांपैकी एक तिसऱ्या दिवशी चहा मागतो आणि दुसरा पूर बघतो, हे कसं? माझ्या मते उत्तर बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधीच लिहिलेलं असतं. विहिरीत पाणी भरपूर असताना मोटर दोन तास चालली तरी कळत नाही. तळ गाठलेल्या विहिरीत तीच मोटर दहा मिनिटांत गाळ ओढते. मेंदूतली ही शिल्लक वयाने, जुन्या साखरेने, बीपीने, कधीतरी येऊन गेलेल्या आणि लक्षातही न आलेल्या छोट्या झटक्यांनी, कानांनी नीट ऐकू न आल्याने कमी होत जाते. म्हणूनच ताईंचं दिवाळीबद्दलचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. अण्णा ऑपरेशनच्या आधीच थोडे घसरू लागले असतील, तर आत्ताचं सगळं ऑपरेशनच्या खात्यावर टाकून चालणार नाही. घरात शांतपणे आठवा : गेल्या हंगामात ऑक्टोबरच्या छाटणीच्या तारखा, औषधांची मापं, व्यापाऱ्याशी झालेला दर हे त्यांनी स्वतः सांभाळलं की हळूहळू मुलाने हातात घेतलं? ही माहिती कुठल्याही स्कॅनइतकी कामाची आहे आणि ती फक्त तुमच्याकडे आहे.

तपासणीबद्दलही एक इशारा. स्मरणशक्तीच्या ज्या छापील चाचण्या असतात, त्यांत घड्याळ काढा, चौकोनी ठोकळ्याचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करा असं असतं. चौथी शिकलेल्या माणसाला त्यात कमी गुण मिळाले म्हणून त्याचा मेंदू गेला असं होत नाही, आणि पदवीधर माणूस पूर्ण गुण मिळवूनही घरचे व्यवहार विसरत असू शकतो. मी उलटे वार म्हणायला सांगतो, बाजाराचा हिशेब घालतो, आणि मुख्य म्हणजे त्याचं स्वतःचं काम विचारतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला सतारीच्या घोडीची जवारी, म्हणजे तिचा नाद, काढताना पूर्वीइतकाच कान लागतो का, हे तो स्वतःच सांगू शकतो.

अण्णांसाठी आत्ता काय कराल? आधी बरे होण्यासारखं काही लपलंय का ते शोधा. रक्तातलं सोडियम (लघवीच्या गोळ्यांनी ते उतरतं आणि माणूस सुन्न होतो), हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि बी-१२. अण्णा माळकरी असतील, मांसाहार नसेल आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि ते भरून काढणं स्वस्त आहे. साखर वाढण्याइतकीच घसरण्याकडेही बघा. ऑपरेशननंतर जेवण कमी झालेलं असतं आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच मापाने चालू असतात. मग पहाटे घाम फुटून माणूस बरळतो, आणि घरचे त्याला पुन्हा भ्रम झाला समजतात.

पेपर उघडून नुसतं बसणं, हे मला विसराळूपणापेक्षा उदासीसारखं वाटतं. बायपासनंतर नैराश्य खूप लोकांना येतं, आणि आपल्याकडे शेतकरी पुरुष ‘मला बरं वाटत नाही’ एवढंच म्हणतो. भूक, झोप, नातवंडांत रमणं कसं आहे ते बघा. उपचाराने हे सुधारतं आणि त्याबरोबर डोकंही चालायला लागतं.

औषधांची पिशवी तपासून घ्या. झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, खाजेसाठी ॲव्हिल, दुखण्यासाठी ट्रामाडोल : यातलं प्रत्येक औषध म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतं, आणि यातली दोन-तीन तर कुठल्याही घरात सापडतात. उलट गुठळी टाळणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन ही मनाने बंद करू नका. ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीने विसरायला होतं’ असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांशी बोला, पट्टी फेकून देऊ नका.

आणि ‘मेंदूचं टॉनिक’. यावर मला थोडा राग आहे, तो लपवत नाही. पिरासिटाम, सिटिकोलिन लिहून दिलेली बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतात. बायपासनंतरची विसर त्याने भरून येते याला भक्कम पुरावा नाही. स्मृतिभ्रंशासाठीचं रिव्हास्टिग्मिन हृदयशस्त्रक्रियेत भ्रम टाळण्यासाठी वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही. गिंको या झाडाचा अर्क असलेल्या कॅप्सूल ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाची भीती. तेच पैसे कानाच्या तपासणीवर आणि नव्या चष्म्यावर घाला. रोजचं चालणं, बीपी आणि साखर आटोक्यात, तंबाखू बंद, माणसांत बसणं, संध्याकाळच्या हरिपाठाला जाणं, यातून मेंदूला मिळतं ते बाटलीत मिळत नाही.

दोन गोष्टी काही महिने अण्णांच्या हातून काढून घ्या, पण अपमान न करता. फवारणीचं औषध मापणं आणि मिसळणं दुसऱ्याने करावं. एक शून्य चुकलं तर बाग जाईल किंवा माणूस. आणि जमिनीच्या, बँकेच्या, सोसायटीच्या मोठ्या कागदांवर सह्या सध्या थांबवा. भ्रमाच्या आठवड्यात घाईने घेतलेल्या सहीवरून भावाभावांत कज्जे लागलेले मी पाहिलेत. हिशेब मात्र काढून घेऊ नका. वही त्यांच्याकडेच राहू दे, तुम्ही शेजारी बसून ताळा करा.

आयसीयूत काय काय झालं ते अण्णांना एकदा सांगा. अर्धवट आठवणी त्यांच्याकडे असतात आणि त्या नर्सला काय बोललो याची लाज त्यांना खात असते. ‘ते औषधांचं आणि आजाराचं होतं, तिने मनावर घेतलेलं नाही’ एवढं ऐकून काही जण मोकळे होतात.

एक गोष्ट वेगळी धरा. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, हे भ्रमात येत नाही, हा मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात आहे. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्या, ‘ऑपरेशन अलीकडेच झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि घरी पुन्हा एकाएकी बरळणं सुरू झालं तर ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कडक बद्धकोष्ठ आधी शोधा. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडली की तो चवताळल्यासारखा वागतो. नळी घातली की तासाभरात शांत.

आता आई. तिच्या बाबतीत अजून वेळ हातात आहे, म्हणून जास्त लिहितो.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला भेटाल तेव्हा तिचं बोलणं, विसरणं, ऐकणं कसं आहे ते स्वतःहून सांगा. आम्ही हृदयाचे रिपोर्ट बघतो, घरातलं तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. ती मिश्री लावत असेल तर ते सांगायला लाजू नका. आपल्या भागातल्या कितीतरी बायका तोंडाने ‘मला कसलं व्यसन नाही’ म्हणतात आणि दिवसातून चारदा मिश्री लावतात. ऑपरेशनच्या दिवशी ती एकदम तुटते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, अस्वस्थपणा, झोप उडणं सुरू होतं, आणि आम्ही कारण दुसरीकडे शोधत बसतो. काही आठवडे आधी सोडवली तर उत्तम, नाहीतर निदान आम्हाला माहीत असू द्या. घरातल्या पुरुषांच्या दारूचंही तेच, फक्त तिथे धोका जास्त : रोज पिणाऱ्याची दारू तुटली की दोन ते चार दिवसांत जो भ्रम येतो तो जिवावर बेतू शकतो. रोजची झोपेची गोळी असेल तर ती आदल्या दिवशी अचानक बंद करायची नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून हळूहळू उतरवायची.

आयसीयूत जाताना दागिन्यांबरोबर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी हे सगळं पिशवीत भरून नातेवाइकांच्या हातात देतात आणि ती पिशवी गावी जाते. मग शुद्धीवर आलेल्या बाईला समोरचं दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलायला दात नाहीत, दिवस की रात्र कळायला खिडकी नाही. असल्या अवस्थेत धडधाकट माणूसही गोंधळेल. तुम्ही रुग्णालयाची चौकशी करताना हार्ट-लंग मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारू नका. चष्मा आणि कानाचं यंत्र आत कधी देता येईल, घरचं एक माणूस दिवसातून किती वेळ शेजारी बसू शकेल, रात्री दिवे मंद करता का, पहाटे रक्त काढायला उठवता का, हे विचारा. सामान्य वॉर्डातल्या वृद्धांमध्ये अशाच साध्या उपायांची एकत्र योजना अमेरिकेत राबवली होती, तिचा निकाल १९९९ मध्ये छापून आला : भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० वर आलं. कुठल्याही इंजेक्शनला हे खात्रीने जमलेलं नाही.

भाषेचा घोटाळाही होतो. जत भागातली कन्नड बोलणारी आजी, केरळची नर्स, आणि मधे मोडकं हिंदी. आजी उत्तर देत नाही म्हणून कागदावर ‘गोंधळलेली’ अशी नोंद होते. सुनेने फोनवरून दोन वाक्यं कन्नडमध्ये विचारली की आजी सगळं सांगते. शेजारी बसणाऱ्याने तिच्या बोलीत वार सांगावा, कुठे आहे ते सांगावं, घरची साधी खबर द्यावी. ती भलतंच बोलली तर वाद घालू नये, होला होही म्हणू नये. ‘मला तसं काही दिसत नाही, पण मी इथं आहे’ इतपत पुरे. हात बांधलेले दिसले तर नर्सला विचारा की मी बसतो, सोडता येतील का. बांधल्याने भ्रम चिघळतो. अर्थात श्वासनळी उपटली तर जीव जातो, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

भ्रमाची गप्प जात मात्र जास्त फसवी. पेशंट ओरडत नाही, पडून राहतो, डोळे अर्धवट, हाक मारली तर ‘हं’. घरचे म्हणतात, चला, शांत झोपलीय. सकाळी नीट बोलणारी आई दुपारी अशी झाली तर लगेच सांगा. हीच अवस्था आमच्या नजरेतून सुटते, आणि मागे कमी ऑक्सिजन, जंतुसंसर्ग किंवा जास्त झालेलं वेदनाशामक असू शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान हृदयाची लय बिघडण्याचाही तो काळ असतो. त्या अनियमित ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते.

व्हॉल्व्ह धातूचा बसवला तर रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, जन्मभर. आईचा मेंदू पुढची वीस वर्षं जपणारी हीच मुख्य गोष्ट आहे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, ठरलेल्या तारखेला करा, भाजी भरपूर असताना रोज मेथी-पालक आणि नंतर महिनाभर काहीच नाही असं करू नका, आणि ‘तपासणी न लागणारी नवी गोळी’ कुणी बदलून दिली तर घेऊ नका. धातूच्या व्हॉल्व्हसाठी त्या गोळ्या चालत नाहीत. त्यांतली डॅबिगॅट्रान वापरून पाहिलेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली होती. काढे, चूर्णं, ब्राह्मीच्या गोळ्या चालू करण्याआधीही विचारा.

तारीख ठरली की आईच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरून भूलतज्ज्ञाकडे न्या. गावच्या डॉक्टरांनी पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्याही त्यात असू द्या, आणि त्यांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्या पुडीत काय होतं ते आम्ही त्यांनाच विचारून घेऊ.